कोडमागचे कारण कोडजवळच हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता काही मिनिटांत शेकडो ओळींचा कोड, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, लिहून देतात, या विषयावर आपल्या दैनिकात वेळोवेळी लेखन प्रसिद्ध होत असते. कोड किती लवकर लिहून होतो याची त्यात बरीच चर्चा असते. पण तोच कोड पुढची दहा-पंधरा वर्षे वाचणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि त्यात भर घालणाऱ्या माणसांचा विचार फारसा आढळत नाही. गेली बावीस वर्षे मी सॉफ्टवेअर लिहिण्याच्या व्यवसायात आहे, त्यातली शेवटची सहा वर्षे या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना शिकवण्यात गेली, आणि या काळात माझे एक मत पक्के झाले आहे. कोड जसा लिहिला तसा का लिहिला, हे त्या कोडजवळच लिहून ठेवणे हा कोड लिहिण्याचाच भाग आहे, आणि ते झालेले नसेल तर काम पूर्ण झाले असे कोणीही मानू नये. हे मत कसे बनले, ते वाचकांसमोर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे बिले तयार करणाऱ्या एका प्रणालीची देखभाल आली. ती मुळात लिहिणारे दोघेही सहकारी तोवर संस्था सोडून गेले होते. जाताना त्यांची 'केटी' झाली होती, म्हणजे माहिती पुढच्यांच्या हवाली करण्यासाठी दोन-तीन बैठका झाल्या होत्या. त्या बैठकांच्या फाइलमध्ये स्क्रीनची चित्रे होती आणि कोणते बटण दाबल्यावर काय होते याचे वर्णन होते. रात्री आपोआप चालणाऱ्या कामात, म्हणजे जॉबमध्ये मात्र एक अट होती, जिच्याबद्दल त्या फाइलमध्ये अवाक्षर नव्हते. व्यवहाराची वेळ रात्री ११ वाजून ४५ मिनिटांनंतरची असेल तर तो व्यवहार सोडून द्यावा, अशी ती अट होती. एका ओळीची ती अट, तिच्या वर किंवा शेजारी कॉमेंट, म्हणजे वाचणाऱ्या माणसासाठीची टीप नाही, ती बरोबर चालते का हे तपासणारी टेस्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम नाही. ती ओळ ज्या बदलाबरोबर कोडमध्ये आली, त्या बदलाची नोंद शोधून काढली, तर तेथे 'दुरुस्ती' एवढा एकच शब्द होता. दिवसाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांतले व्यवहार बिलातून गळत आहेत, ही उघड चूक आहे असे मला वाटले, माझ्या वरिष्ठांनाही तसेच वाटले, आणि आम्ही ती अट काढून टाकली. सगळ्या टेस्ट पास झाल्या.

महिनाअखेरपर्यंत काहीच दिसले नाही, कारण बिले महिन्यातून एकदाच निघत. ती निघाली आणि तक्रारी सुरू झाल्या. काही ग्राहकांच्या बिलात एकच व्यवहार दोनदा लागला होता, एकदा आदल्या तारखेने आणि एकदा दुसऱ्या दिवसाच्या तारखेने. आम्ही चार दिवस डेटाबेस चाळला, लॉग वाचले, संशय दुसऱ्याच तीन ठिकाणी घेतला. शेवटी त्या जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाचा फोन नंबर मिळाला. मी निम्मेच सांगितले असेल, तोच ते म्हणाले, "अहो, पावणेबाराची अट काढलीत का? तिकडची सिस्टीम पावणेबाराला दिवस बंद करते आणि नंतरचे सगळे व्यवहार उद्याच्या तारखेने परत पाठवते. म्हणून ती ठेवली होती." एवढे सांगायला त्यांना अर्धे मिनिटही लागले नाही.

ती अट आम्ही परत घातली आणि तिच्यावर चार वाक्ये लिहिली. "पलीकडची प्रणाली रात्री ११.४५ ला दिवस बंद करते. त्यानंतरचे व्यवहार ती पुढच्या तारखेने पुन्हा पाठवते. येथे ते सोडले नाहीत तर बिलात दोनदा लागतात. पलीकडची प्रणाली बदलल्यास ही अट काढावी." यातले चौथे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण ती ओळ कशासाठी आहे याबरोबरच तिची गरज कधी संपेल हेही ते सांगते. पुढे दोन-अडीच वर्षांनी पलीकडची प्रणाली खरोखरच बदलली. तेव्हा मी दुसऱ्या विभागात होते. ज्या मुलाकडे ते काम आले त्याची माझी कधी भेटही झालेली नव्हती. त्याने ती चार वाक्ये वाचली, अट काढली, त्यासाठी टेस्ट लिहिली आणि तासाभरात विषय संपवला.

यंत्राने काय करायचे ते कोड सांगतो, आणि ते तो कोणत्याही कागदापेक्षा अचूक सांगतो, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु हाच मार्ग का घेतला, दुसरा कोणता मार्ग करून पाहिला आणि तो कशामुळे सोडला, काय गृहीत धरले आहे आणि ते कोणत्या परिस्थितीत खोटे ठरेल, या गोष्टी कोडमध्ये नसतात, कारण यंत्राला त्यांची गरजच नसते. त्या गोष्टी लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतात आणि लिहिणारा गेला की त्याच्याबरोबर जातात. डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये हेच मोठ्या स्पष्टपणे मांडले होते. प्रोग्रॅमिंग म्हणजे मुख्यतः त्या प्रश्नाविषयीची आणि त्याच्या उत्तराविषयीची एक सांगोपांग समज मनात उभी करणे होय, आणि ती समज बाळगणारे लोक पांगले की प्रोग्रॅम चालू असला तरी तो मेलेला असतो, असे त्यांचे म्हणणे होते. नाउर यांचा लिखित दस्तऐवजांवर फारसा भरवसा नव्हता. ती समज कागदावर पूर्णपणे उतरवताच येत नाही, असे ते मानत. त्यांचे हे दुसरे म्हणणे मला अर्धेच पटते. समज सगळी उतरत नाही हे खरे, पण पावणेबाराच्या अटीसारखी एखादी नेमकी गोष्ट निश्चित उतरते, आणि देखभाल करणाऱ्याचे पाऊल बहुतेक वेळा अशाच नेमक्या गोष्टीवर पडते.

याचे सर्वांत महाग उदाहरण सॉफ्टवेअरच्या इतिहासात नोंदलेले आहे. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ या युरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, तो मार्ग सोडून वळला, तुटला आणि त्याचा स्फोट झाला. क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रहही त्याच्यासोबत गेले. त्यामागचे तांत्रिक कारण आता पाठ्यपुस्तकांत शिकवले जाते. अग्निबाणाची स्थिती मोजणाऱ्या प्रणालीत ६४ बिटांची एक फ्लोटिंग-पॉइंट, म्हणजे अपूर्णांकही धरणारी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना मावली नाही आणि प्रणाली बंद पडली. जोडीची राखीव प्रणाली त्याच कोडवर चालत असल्याने त्याच कारणाने काही मिलिसेकंद आधीच बंद पडली होती. हा कोड आधीच्या एरियान ४ वरून जसाच्या तसा घेतलेला होता. एरियान ५ चा सुरुवातीचा मार्ग वेगळा असल्याने त्याची आडवी गती फार लवकर वाढे, आणि ती संख्या पूर्वी कधी गेली नव्हती एवढी मोठी झाली.

चौकशी समितीच्या अहवालातला मला अस्वस्थ करणारा भाग मात्र याच्या पुढचा आहे. अशा रूपांतराचा धोका एकूण सात व्हेरिएबलांना, म्हणजे कोडमध्ये नाव देऊन साठवलेल्या किमतींना होता. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नव्हता, म्हणून त्यांतल्या चारांनाच संरक्षण दिले गेले आणि उरलेल्या तिघांची किंमत तेवढी वाढणारच नाही असा निष्कर्ष काढून ती उघडी ठेवली गेली. हा निर्णय कोणी एकट्याने, घाईत घेतलेला नव्हता. प्रकल्पातल्या भागीदारांनी अनेक पातळ्यांवर तो मिळून मान्य केला होता. पण या निर्णयाचे समर्थन मूळ कोडमध्ये कोठेही थेट आढळले नाही, आणि अशा उद्योगात असतात त्या अफाट दस्तऐवजांच्या पसाऱ्यात ते गृहीतक, कोणाचा तसा हेतू नसतानाही, बाहेरून तपासणाऱ्याच्या नजरेआड गेले, असे समितीने नोंदवले आहे. कागदांचा तुटवडा तेथे नव्हता. त्या तीन व्हेरिएबलांजवळ "एरियान ४ च्या मार्गावर ही किंमत मर्यादेत राहते, म्हणून येथे तपासणी नाही" असे एक वाक्य असते, तर एरियान ५ साठी तो कोड उचलणाऱ्याने ते वाचून निदान एक प्रश्न विचारला असता. शिवाय ज्या गणनेत ही चूक घडली, तिचे उड्डाणानंतर काही कामच नव्हते. एरियान ४ ची उलटगणती मध्येच थांबली तर ती चटकन पुन्हा सुरू करता यावी म्हणून ती गणना उड्डाणानंतरही काही काळ चालू ठेवलेली होती, आणि एरियान ५ ला ती गरज उरलेली नव्हती. कशासाठी आहे हे ठाऊक नसले की निरुपयोगी गोष्टही कोणी काढायला धजत नाही.

याच्या उलट प्रकारची चूक २००६ मध्ये झाली. डेबियन या लिनक्स वितरणात, म्हणजे लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या एका तयार संचात, इंटरनेटवरच्या गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीच्या, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संग्रहाच्या, कोडवर मेमरी तपासणारी साधने इशारे देत होती. ते इशारे बंद व्हावेत म्हणून तेथे एकसारख्या दिसणाऱ्या दोन ओळी निष्क्रिय केल्या गेल्या. त्यांतली एक खरोखर निरुपद्रवी होती. दुसरीतून मात्र किल्लीसाठी लागणारी सगळी रँडम, म्हणजे कसलाही अंदाज बांधता न येणारी माहिती आत येत होती, आणि हे तिच्याजवळ कोठेही सांगितलेले नव्हते. परिणाम असा झाला की किल्ली ज्यातून बनते ते बीज म्हणून केवळ चालू प्रोसेसचा, म्हणजे त्या क्षणी चालणाऱ्या प्रोग्रॅमचा, क्रमांक उरला, जो फार तर ३२,७६८ पर्यंत जाई. म्हणजे जी किल्ली शोधणे अशक्य असायला हवे होते, ती काही हजार शक्यतांत सापडू लागली. हे लक्षात येऊन जाहीर व्हायला मे २००८ उजाडला, आणि जगभरातल्या असंख्य सर्व्हरांच्या किल्ल्या नव्याने कराव्या लागल्या. त्यानंतर ओपनएसएसएलच्या मूळ कोडमध्ये त्या ओळीजवळ मोठ्या अक्षरांत एक कॉमेंट आली. ही ओळ काढू नका, तपासणीची साधने हिच्यावर तक्रार करतील हे आम्हांला ठाऊक आहे, पण ती काढली तर रँडमपणा अतिशय निकृष्ट होईल आणि किल्ल्या असुरक्षित होतील, असा तिचा आशय होता. ही कॉमेंट मी प्रत्येक नव्या तुकडीला फळ्यावर लिहून दाखवते आणि मुलांना ओळ निष्क्रिय झाल्याची आणि कॉमेंट आल्याची अशा दोन्ही तारखा शेजारी मांडायला सांगते.

मात्र प्रत्येक ओळीवर कॉमेंट हवी, असा माझा आग्रह मुळीच नाही, आणि हे स्पष्ट केले नाही तर या पत्राचा चुकीचा अर्थ घेतला जाईल. मोजणीत एक मिळवणाऱ्या ओळीवर 'मोजणीत एक मिळवला' असे लिहिणे म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ घेणे होय. व्हेरिएबलचे नाव 'एक्स' ठेवून शेजारी त्याचा अर्थ लिहिण्यापेक्षा नावच 'शिल्लक दिवस' ठेवावे. एखाद्या फंक्शनचे, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचे, वर्णन करायला पंधरा वाक्ये लागत असतील, तर बहुधा त्या फंक्शनचे तुकडे करायला हवेत. 'चांगला कोड स्वतःच बोलतो' असे आमच्या व्यवसायातले जाणते लोक म्हणतात, ते या मर्यादेत अगदी खरे आहे. पण जगातला सर्वांत सुबक कोडसुद्धा पलीकडची प्रणाली पावणेबाराला दिवस बंद करते हे सांगू शकत नाही, कारण ती गोष्ट त्या कोडच्या बाहेरच्या जगातली आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोड बदलतो, कॉमेंट तशीच राहते, आणि मग ती वाचणाऱ्याला फसवते. मी स्वतः असा कोड पाहिला आहे, जेथे वर 'तीस सेकंद थांबावे' असे लिहिले होते आणि खाली आकडा तीनशेचा होता. यातले खरे कोणते, हे सांगणारे कोणीच उरलेले नव्हते. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या शैली-मार्गदर्शकात, पेप ८ मध्ये, कोडशी विसंगत कॉमेंट ही कॉमेंट नसण्यापेक्षा वाईट असते असे स्पष्ट म्हटले आहे, आणि ते रास्त आहे. याचा उपाय कॉमेंट न लिहिणे हा नव्हे. कोडचा रिव्ह्यू करणाऱ्याने कोडइतक्याच काटेकोरपणे कॉमेंटही वाचावी, आणि कोड बदलूनही कॉमेंट जुनीच राहिलेली दिसली तर तो बदल परत पाठवावा, हा उपाय आहे. शिवाय अनुभव असा आहे की 'काय' सांगणाऱ्या कॉमेंट लवकर शिळ्या होतात आणि 'का' सांगणाऱ्या बराच काळ टिकतात, कारण कोड बदलला तरी त्यामागचे कारण सहसा तेच राहते. हेही मान्य केले पाहिजे की केवळ लिहून ठेवणे पुरेसे नसते. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे नासाचे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी हरवले, त्या प्रकरणात आकडे मेट्रिक एककांत द्यावेत असे दोन प्रणालींमधल्या देवाणघेवाणीच्या दस्तऐवजात नमूद होते. तरी एका बाजूचे सॉफ्टवेअर पाउंडांच्या एककात आकडे देत राहिले आणि प्रत्येक आकड्यात ४.४५ पटींचा फरक पडत गेला. लिहिलेले वाचले जाईल आणि पाळले जाते की नाही हे तपासले जाईल, अशी व्यवस्थाही लागतेच.

प्रामाणिकपणे लिहिलेल्या दस्तऐवजाचा एक जुना नमुना येथे सांगावासा वाटतो. युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्यात एकेका कमांडचे, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञेचे, स्वतंत्र वर्णन आहे, आणि त्या पानांवर 'बग्ज' असा एक स्वतंत्र मथळा येतो. त्याखाली या कमांडमध्ये काय चुकते, काय अपुरे आहे, हे लिहिणाऱ्यांनी स्वतःच सांगितले आहे. आपल्या कामातला दोष आपल्याच मॅन्युअलमध्ये छापायला मनाचा मोठेपणा लागतो, आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्या पानावरचा तो सर्वांत उपयोगी मजकूर असतो. त्याहून कितीतरी मागे जायचे तर एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्रासाठी बर्नुली संख्या (गणितातली एक प्रसिद्ध श्रेणी) काढण्याची जी कृती प्रसिद्ध केली, तिच्या तक्त्यात प्रत्येक पायरीची क्रिया लिहिलेली आहे आणि त्या पायरीअखेर हाती काय येते हे सांगणारा एक वेगळा रकानाही आहे. ज्या तक्त्याला अनेक जण पहिला प्रोग्रॅम मानतात, त्यातच स्पष्टीकरणासाठी जागा राखलेली होती.

समजावून सांगण्याचा उपयोग पुढच्या माणसालाच होतो असे समजण्याचे मात्र कारण नाही. तो आधी सांगणाऱ्याला होतो. माझ्या वर्गात मी मुलांना कोड दाखवू देत नाही, तो मोठ्याने समजावून सांगायला लावते. मागच्याच तुकडीतल्या एका मुलीने नोंदींच्या यादीतून सर्वांत जुनी नोंद शोधणारे फंक्शन लिहिले होते. तिच्या सगळ्या टेस्ट पास होत होत्या. ती सांगू लागली, "ही यादी तारखेप्रमाणे लावलेली आहे, म्हणून पहिली नोंद हीच सगळ्यांत जुनी..." आणि मध्येच थांबली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पण मॅडम, ती लावली कोणी?" यादी कोणीच लावलेली नव्हती. तिने टेस्टसाठी जो डेटा हाताने भरला होता, तो योगायोगाने तारखांच्या क्रमाने होता, एवढेच. तिला मी काहीही सांगितले नव्हते. 'म्हणून' हा शब्द उच्चारावा लागला आणि त्याच्या आधीचे कारण पोकळ आहे हे तिचे तिलाच दिसले. लिहून ठेवतानाही हेच घडते, किंबहुना अधिक घडते, कारण बोलताना हातवारे करून निभावता येते आणि लिहिताना वाक्य पूर्ण करावेच लागते.

युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या कोडमध्ये, एका प्रोसेसकडून दुसऱ्या प्रोसेसकडे जाण्याच्या अवघड जागी, 'तुम्हांला हे समजावे अशी अपेक्षा नाही' या अर्थाची एक कॉमेंट होती, जी पुढे फार प्रसिद्ध झाली. अनेकांनी ती उद्दामपणाची मानली. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक, डेनिस रिची यांनी नंतर खुलासा केला की हे परीक्षेत विचारले जाणार नाही, अशा भावनेने ते लिहिले होते. आणि पुढे जोडले की खरी अडचण ही होती की तेथे काय चालले आहे हे आम्हांलाही नीट समजलेले नव्हते. ती पद्धत मूळ पीडीपी-११ यंत्रावर त्याच्या कंपायलरच्या, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, एका विशिष्ट सवयीमुळे चालत होती, आणि युनिक्स दुसऱ्या यंत्रावर नेताना ती मुळातच सदोष असल्याचे उघड झाले. एवढ्या थोर प्रोग्रॅमरने हे मोकळेपणाने सांगितले, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. माझ्या कामात मी त्यावरून एक नियम घेतला आहे. एखादा भाग समजावून सांगताना वाक्य जमत नसेल, तर भाषा सुधारण्याआधी तो भाग पुन्हा तपासायचा.

येथे भाषेचाही प्रश्न येतो, आणि त्याबद्दल क्वचितच बोलले जाते. जगातले कितीतरी प्रोग्रॅमर स्वतःच्या नसलेल्या भाषेत कॉमेंट लिहितात. ज्याला ती भाषा सहज येत नाही, तो चुका दिसतील या संकोचाने लिहिणेच टाळतो, किंवा 'दुरुस्ती', 'बदल' असा एखादा शब्द टाकून मोकळा होतो. अशा मुलामुलींना मी सांगते की ज्या भाषेत विचार केलात त्या भाषेत आधी कारण लिहा, ते पुरते स्पष्ट झाल्यावर प्रकल्पाच्या भाषेत आणा, आणि व्याकरण चुकले तर चुकू द्या. मोडक्या वाक्यातले खरे कारण मला निर्दोष वाक्यातल्या पोकळ वर्णनापेक्षा शंभर वेळा चालेल.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येते. ही साधने कोडबरोबर कॉमेंटही लिहून देतात आणि त्या वाचायला सफाईदार असतात. त्यामुळे आता डॉक्युमेंटेशनचा प्रश्न मिटला, असे म्हणणारे व्यवस्थापक मला भेटले आहेत. माझे त्यांना नम्रपणे सांगणे आहे की समोरच्या कोडमध्ये काय आहे हे असे साधन उत्तम सांगेल आणि त्या कामासाठी ते जरूर वापरावे. पण जे कारण कोठेच लिहिलेले नाही, ते त्याला वाचता येणार नाही. माझी ती पावणेबाराची ओळ त्याला दिली असती, तर 'उशिराचे व्यवहार वगळण्यासाठी' असे शुद्ध वाक्य त्याने लिहिले असते, आणि त्या वाक्यामुळे आमचे चार दिवस वाचले नसते. उलट, कोड यंत्राने लिहिला आणि माणसाने तो चालतो एवढेच पाहून स्वीकारला, तर त्याचे कारण सांगू शकणारे डोके अगदी पहिल्या दिवसापासूनच नसते. पूर्वी निदान फोन करायला कोणीतरी होते. म्हणून यंत्राकडून कोड घेणाऱ्याने त्याला काय मागितले, मिळालेल्या पर्यायांतला हा का निवडला आणि काय तपासून पाहिले, हे स्वतःच्या शब्दांत नोंदवावे, असा आग्रह मी आता धरू लागले आहे.

वेळ नाही, ही तक्रार खरी आहे आणि ती करणाऱ्या तरुणांना मी दोष देत नाही. प्रकल्पाच्या वेळापत्रकात डॉक्युमेंटेशनसाठी शेवटचा आठवडा राखलेला असतो; आधीची कामे लांबत जातात तसतसा तोच आठवडा आधी खर्ची पडतो, आणि तो उरला तरी सहा महिन्यांपूर्वीच्या निर्णयाचे कारण तोवर कोणाला आठवत नसते. कारण लिहिण्याची वेळ निर्णय घेतला त्या क्षणीच असते. तेव्हा ते दोन वाक्यांत होते. नंतर दोन दिवसांतही होत नाही. कामाचे मूल्यमापन करताना किती फीचर्स दिली एवढेच मोजले जाते, आणि ज्याच्या नीट टिपणांमुळे दुसऱ्यांची कामे झटपट झाली त्याचा उल्लेखही होत नाही, हे व्यवस्थापकांनी बदलायला हवे. शिक्षकांनीही परीक्षेत कोऱ्या पानावर प्रोग्रॅम लिहायला सांगण्याबरोबरच दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम देऊन त्यात बदल करायला आणि त्या बदलाचे कारण लिहायला सांगावे, आणि त्या कारणाला गुण ठेवावेत.

पैसे देऊन सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्या संस्थांना तर एक अगदी सोपी कसोटी लावता येईल. काम ताब्यात घेण्यापूर्वी तो कोड, त्याच्यासोबत आलेल्या लिखित सूचना आणि एक नवा, रिकामा संगणक अशा प्रोग्रॅमरकडे द्यावा, ज्याने ते काम आधी कधी पाहिलेले नाही. त्याने ती प्रणाली चालू करून दाखवावी आणि तिच्यात सांगितलेला एक लहानसा बदल करावा. हे करताना मूळ प्रोग्रॅमरना फोन करण्याची मुभा त्याला असावी, पण प्रत्येक फोनची नोंद ठेवावी. ज्या ज्या प्रश्नासाठी फोन करावा लागला, त्याचे उत्तर कोडमध्ये त्या त्या जागी लिहून झाल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक प्रोग्रॅमर